पानिपत, चार हलकी यंत्रे आणि माझे बक्षीसपात्र भाषण

१/
गेल्या महिन्यात घाटकोपरला बहिणीकडे गेलो होतो. आई सध्या तिच्याकडेच असते. तिने कपाटाच्या तळातून एक पिवळा पडलेला कागद काढला आणि कौतुकाने भाच्याच्या हाती दिला. मी नववीत असताना वक्तृत्व स्पर्धेसाठी लिहिलेले ‘पानिपतचा धडा’ हे भाषण. त्याला तेव्हा पहिले बक्षीस मिळाले होते. भाचाही आता नववीत आहे आणि त्यालाही पानिपतावरच बोलायचे आहे. तो हे भाषण पाठ करणार होता. मी त्याला ते करू दिले नाही. का, ते सांगण्यासाठी हा धागा.

२/
भाषणाचा आशय आपणा सर्वांच्या ओळखीचा आहे. मराठ्यांचे खरे बळ हलक्या, चपळ घोडदळात होते. सदाशिवरावभाऊंनी ते सोडून अवजड तोफा आणि कवायती पायदळ यांचा मोह धरला. मल्हारराव होळकरांचा सल्ला त्यांनी झिडकारला, गनिमी कावा टाकला आणि म्हणून पानिपत घडले. थोडक्यात, चपळ ते आपले आणि जड ते परके. हे वाक्य मी हात उंचावून म्हटले होते आणि सभागृहात टाळ्या पडल्या होत्या.

३/
त्याच संध्याकाळी भाचा संगणकावर ‘बॅटलटेक’ खेळत होता. माणसाने आत बसून चालवायची अजस्र पोलादी युद्धयंत्रे आणि अशा चार यंत्रांची एक तुकडी, असा हा डावपेचांचा खेळ. १९८४ साली अमेरिकेत तो प्रथम पटावरचा खेळ म्हणून आला. भाचा खेळतो ती संगणकीय आवृत्ती २०१८ ची. यंत्रांचे वर्ग वजनावरून पडतात. २० ते ३५ टनांची हलकी, ४० ते ५५ टनांची मध्यम, ६० ते ७५ टनांची जड आणि ८० ते १०० टनांची महाजड.

४/
हलक्या यंत्राचे कवच पातळ आणि शस्त्रे थोडी. पण फेरीत त्याची चाल आधी येते, ते दूरवर धावते आणि जितके अधिक धावेल तितका शत्रूचा नेम चुकतो. वळसा घालून ते शत्रूच्या पाठीशी जाऊ शकते, आणि पाठीकडे महाजड यंत्राचेही कवच पातळच असते. उलट जड यंत्र उशिरा हलते, मंद चालते. पण ते जिथे उभे राहील ती जागा त्याच्याकडून हिसकावून घेणे कठीण.

५/
भाच्याने चारही यंत्रे हलकी निवडली होती आणि त्यांना नावे दिली होती: संताजी, धनाजी, नेताजी आणि मल्हारराव. मोहीम होती एका तळाच्या रक्षणाची. पहिल्या दोन फेऱ्यांत त्याची यंत्रे वाऱ्यासारखी धावली. तिसऱ्या फेरीत शत्रूची जड यंत्रे तळाच्या इमारतींसमोर येऊन उभी राहिली. त्यांना अडवायचे तर याला थांबणे भाग होते, आणि थांबलेले हलके यंत्र म्हणजे नुसते पातळ पत्र्याचे लक्ष्य. थोड्याच वेळात तळ गेला, संताजीही गेला.

६/
“मामा, हे बरोबर नाही. मी तर गनिमी कावाच खेळत होतो,” तो रागाने म्हणाला.
मी सहज बोलून गेलो, “अरे, पण तळ सोडून तुला जाता कुठे येत होते?”
बोलून गेलो आणि स्वतःच थबकलो. बक्षीस मिळवलेल्या त्या भाषणात हा प्रश्न मी एकदाही विचारला नव्हता.

७/
आधी या खेळातील एक गोष्ट पाहू. संगणकावरील मोहिमेत तुमच्या तुकडीला चार जागा असतात, पण एकूण वजनावर बंधन नसते. त्यामुळे पुढेपुढे प्रत्येक खेळाडू चारही जागा महाजड यंत्रांनी भरतो आणि हलकी यंत्रे गोदामात पडून राहतात. पटावर मात्र दोन्ही बाजूंचे एकूण वजन सारखे धरून खेळता येते. मग १०० टनांच्या एका ‘अ‍ॅटलस’ यंत्राच्या बदल्यात २० टनांची पाच ‘लोकस्ट’ मिळतात आणि हिशेब पालटतो. तेव्हा हलके चांगले की जड, याचे उत्तर टंचाई कशाची आहे यावर ठरते.

८/
सतराव्या शतकातील मराठ्यांपाशी टंचाई होती ती पैशाची, दाणावैरणीची आणि मोठ्या सपाट मुलुखाची. सह्याद्रीच्या घाटवाटांतून मोठ्या तोफा ओढून नेणे बैलांच्याही आवाक्याबाहेरचे. छोटे काटक दख्खनी तट्टू, एक भाला, एक तलवार, खोगिराखाली घोंगडी आणि दाणा-चारा वाटेतल्या मुलुखातून, एवढ्यावर हा स्वार दूरची मजल मारत असे. मुघल छावणी म्हणजे चालते नगर. तिच्यापुढे ही सुटसुटीत फौज उभी राहिली ती हौसेने नव्हे, तर तोच हिशेब परवडत होता म्हणून.

९/
या स्वारांत दोन प्रकार होते, हे इतिहासप्रेमींनी विसरू नये. बारगीर सरकारी पागेतील घोड्यावर बसे. शिलेदार मात्र स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीस येई. त्याचा घोडा मेला तर त्याचे भांडवलच बुडाले. असा माणूस तोफांच्या तोंडावर सरळ चालून जाण्यास नाखूष असतो, यात भित्रेपणा नाही. खेळात यंत्र मोडले तर दुरुस्त होऊन येते. शिलेदाराचा घोडा परत येत नसे. हलक्या फौजेची पद्धत अशी माणसांच्या पोटापाण्यातूनही घडलेली होती.

१०/
पण या स्वाराच्या प्रत्येक कथेत मागे एक गोष्ट उभी असते, तिच्याकडे माझे पूर्वी लक्षच गेले नव्हते. ती म्हणजे किल्ला. शिवछत्रपतींच्या फौजेतील सर्वांत जड घटक कोणता, असे विचारले तर उत्तर तोफ नव्हे, किल्ला हेच आहे. खजिना, दारूगोळा, धान्य, कुटुंबे हे सारे गडावर. म्हणून स्वार मोकळा. जे सांभाळायचे ते कातळावर ठेवले होते, म्हणूनच खालच्या मैदानातील मुलुख काही काळ शत्रूला सोडून देता येत होता.

११/
याचे सर्वांत ठळक उदाहरण जिंजीचे. संभाजी महाराजांच्या हत्येनंतर राजाराम महाराज दक्षिणेत जिंजीच्या किल्ल्यात गेले. मुघलांनी १६९० मध्ये वेढा घातला आणि तो १६९८ च्या आरंभापर्यंत रेंगाळला. या काळात संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव मुघल फौजांभोवती घिरट्या घालत होते, रसद तोडत होते, सरदारांना कैद करून खंडण्या घेत होते. जिंजीने शत्रूला एका जागी खिळवले, म्हणून संताजी-धनाजींना त्याच्याभोवती फिरता आले. ऐरणीवाचून हातोडा नुसता हवेत फिरतो.

१२/
आता पालखेड. १७२७ साली निजामाने शाहू छत्रपतींविरुद्ध कोल्हापूरच्या संभाजींचा पक्ष घेतला आणि त्याची फौज पुण्यापर्यंत आली. थोरले बाजीराव पुणे वाचवायला परतले नाहीत. ते निजामाच्या मुलुखात जालन्याकडे, खानदेशात, गुजरातेकडे फिरत राहिले आणि शेवटी औरंगाबादेच्या रोखाने वळले. निजामाला पुणे सोडून मागे धावावे लागले. वेग वाढवण्यासाठी त्याने जड तोफखाना मागे ठेवला, आणि फेब्रुवारी १७२८ च्या अखेरीस वैजापूरजवळ पालखेडच्या रानात तो पाण्याविना कोंडला गेला.

१३/
६ मार्च १७२८ रोजी मुंगी-शेवगावचा तह झाला. ब्रिटिश सेनानी मॉन्टगोमेरी याने आपल्या युद्धेतिहासात या मोहिमेची प्रशंसा केली आहे आणि ती योग्यच आहे. माझ्या भाषणातही पालखेड होते. ‘चपळाईचा विजय’ असे त्याचे वर्णन मी केले होते. पण त्या विजयाची खरी किल्ली वेगळी होती. बाजीरावांना पुणे काही काळ शत्रूच्या हाती राहू देणे परवडले. ज्याला घर सोडून जाता येते, तोच असा हलका राहू शकतो.

१४/
हे भाच्याला नुसते सांगून पटणार नव्हते. म्हणून रविवारी सकाळी आम्ही घाटकोपरहून मेट्रोने वर्सोव्याला गेलो. तिथून जेटीवर, तरीने खाडी ओलांडून मढला, आणि पुढे रिक्षाने वर्सोव्याच्या किल्ल्याशी. हा किल्ला आज हवाई दलाच्या ताब्यात असल्याने आत जाता येत नाही. बाहेरूनच गोल बुरूज आणि खाली लाटांनी भिजलेला खडक पाहिला. “एवढासा?” भाचा म्हणाला. एवढासाच. पण खाडीच्या मुखावर नजर ठेवायला एवढा पुरे होता.

१५/
मित्रहो, आज आपण ज्याला अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर म्हणतो, ते सारे पोर्तुगीजांच्या साष्टी बेटात होते. १७३७ च्या मार्चमध्ये मराठ्यांनी ठाण्याचा अपुरा राहिलेला किल्ला अचानक छापा घालून घेतला आणि साष्टीचा मोठा भाग हाती आला. हे काम हलक्या फौजेचे. पण वर्सोवा राहिला, वसई राहिली. समुद्रातून रसद येत असलेल्या दगडी कोटाला घोडेस्वार कितीही घिरट्या घालोत, कोटाला त्याचे काय?

१६/
बाजीरावांचे धाकटे बंधू चिमाजीअप्पा यांनी मग दुसरी रीत धरली. १७३९ च्या आरंभी वर्सोवा, धारावी अशी भोवतालची ठाणी घेतली आणि फेब्रुवारीत वसईला वेढा घातला. मोर्चे बांधले, खंदक खणले, तटाखाली सुरुंग भरले. काही सुरुंग वेळेवर उडाले नाहीत आणि आपलीच माणसे दगडांखाली गेली. हजारो माणसे कामी आली. मे महिन्यात किल्ला शरण आला. या लढ्यात चपळाईचे काहीच नव्हते. होता तो एका जागी पाय रोवून तीन महिने मार खाण्याचा आणि देण्याचा निर्धार.

१७/
एकच घराणे, दोन सख्खे भाऊ, अकरा वर्षांचे अंतर. थोरल्याने पालखेडला जे केले ते वसईला चालले नसते, आणि धाकट्याने वसईला जे केले ते पालखेडला चालले नसते. एका ठिकाणी शत्रूला हलवायचे होते, दुसऱ्या ठिकाणी शत्रू हलणारच नव्हता. तरीही मी भाषणात पालखेडला ‘आपली रीत’ म्हटले होते आणि वसईचे नावही घेतले नव्हते. साष्टीतच राहणाऱ्या मुलाने ते विसरावे, याची आता लाज वाटते.

१८/
आणि या चिमाजीअप्पांचा मुलगा म्हणजे सदाशिवरावभाऊ. परतीच्या तरीत हे सांगितले तेव्हा भाचा एकदम सरसावून बसला. पाठ्यपुस्तकात वसई एका धड्यात असते आणि पानिपत दुसऱ्या. मधले नाते कोणी जोडून दाखवत नाही. तोफखाना आणि वेढा ही भाऊंना जडलेली परकी हौस नव्हती. ती त्यांच्या वडिलांनी घरच्या समुद्रकाठी वापरून दाखवलेली विद्या होती.

१९/
शिवाय ती नुकतीच फळाला आली होती. फ्रेंच पद्धतीच्या कवायतीत तयार झालेला आणि पूर्वी निजामाच्या चाकरीत असलेला इब्राहिमखान गारदी आता पेशव्यांकडे होता. ३ फेब्रुवारी १७६० रोजी उदगीरला भाऊंनी निजामाचा पराभव केला, त्यात या तोफखान्याचा मोठा वाटा होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात कुंजपुऱ्याचा तट याच तोफांनी फोडून अब्दालीचा धान्यसाठा घेतला. तीस वर्षांच्या सेनापतीने जे हत्यार दोनदा जिंकले, त्यावर विश्वास ठेवला. यात उद्दामपणा कोठे आहे?

२०/
मग मल्हाररावांचा सल्ला? सूरजमल जाटानेही तसेच सांगितले होते. पण तो सल्ला पुरता वाचावा. अवजड तोफा आणि सामान मागे ठेवा, त्याबरोबर बायका-मुले आणि बिनलढाऊ माणसेही चंबळेच्या अलीकडे किंवा जाटांच्या किल्ल्यांत सुरक्षित ठेवा, मग सड्या फौजेनिशी लढा, असा त्याचा रोख होता. माझ्या भाषणात पहिला अर्धा भाग होता. दुसरा अर्धा मी गाळला होता, कारण त्याने वाक्य लांबत होते.

२१/
वस्तुतः दुसरा अर्धाच महत्त्वाचा. फौजेबरोबर सरदारांची कुटुंबे होती, उत्तरेतील तीर्थे घडावीत म्हणून निघालेले यात्रेकरू होते, बाजारबुणगे होते. बिनलढाऊ माणसे लढवय्यांहून अधिक होती, असे अनेक अभ्यासक मानतात. त्यांना अब्दालीसारख्या शत्रूसमोर उघड्यावर टाकून कोणता सेनापती घोडा फेकत निघून जाईल? भाऊंचे पाय तोफांनी बांधले नव्हते. ते या माणसांनी बांधले होते. त्यांना वेळीच मागे न ठेवणे ही भाऊंची चूक, आणि ती मोठी चूक आहे. पण ती तोफखान्याची चूक नव्हे.

२२/
ऑक्टोबरच्या अखेरीस अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि तो भाऊ व दिल्ली यांच्यामध्ये येऊन बसला. सुमारे अडीच महिने दोन्ही छावण्या समोरासमोर राहिल्या. येथे हलक्या फौजेचे खरे काम होते आणि ते चालूही होते: गोविंदपंत बुंदेले अंतर्वेदीत अब्दालीची रसद तोडत होते. डिसेंबर १७६० मध्ये ते अचानक झालेल्या छाप्यात मारले गेले. आता शत्रूची रसद निर्धास्त चालू लागली आणि आपल्या छावणीतून वैरणीसाठी बाहेर पडणारी कही मात्र कापली जाऊ लागली.

२३/
म्हणजे मराठ्यांनी पानिपतावर चपळाई टाकून दिली, असे म्हणणे अर्धसत्य आहे. चपळाई उपाशी मेली. घोड्याला दाणा नसेल तर हलका स्वार आणि जड स्वार यांत भेद उरत नाही, दोघेही पायीच. १४ जानेवारी १७६१ च्या सकाळी जे घोडदळ मैदानात उतरले ते पालखेडचे घोडदळ नव्हते. ते आठवडेच्या आठवडे अर्धपोटी उभ्या जनावरांवर बसलेले उपाशी लोक होते.

२४/
त्या सकाळचा बेत, इतिहासकार त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी मांडल्याप्रमाणे, गोल बांधून यमुनेच्या रोखाने बाहेर पडण्याचा होता. भोवती तोफा आणि लढवय्ये, मधे सारा कबिला. चालता किल्लाच म्हणा. जिथे गड नाही अशा सपाट मुलुखात गड बरोबर घेऊन चालायचे, ही ती कल्पना. मला ती आता मूर्खपणाची वाटत नाही. तिची अट मात्र कडक होती: गोलातील प्रत्येकाने एकाच चालीने चालायचे आणि जागा सोडायची नाही.

२५/
डाव्या बाजूस इब्राहिमखानाचे गारदी होते, सुमारे आठ-दहा हजार. समोर रोहिले. गारद्यांनी पहिल्या काही तासांत रोहिल्यांची मोठी कत्तल उडवली. ज्या ‘जड’ घटकाला मी दोष दिला, तोच त्या दिवशी सर्वांत चांगला लढत होता. मग शेजारच्या विठ्ठल शिवदेव विंचूरकर आणि दमाजी गायकवाड यांच्या स्वारांनी जागा सोडून पुढे धाव घेतली. ते गारद्यांच्या तोफांच्या माऱ्यासमोर आले. तोफा थांबल्या, आणि रोहिल्यांच्या बंदुकांनी ते घोडदळ मागे फेकले.

२६/
ही जागा मी भाच्याला कागदावर चौकोन काढून दाखवली. जड आणि हलके यांच्या सांध्याची ही जागा. तोफांनी शत्रूची फळी फोडायची आणि ती फुटल्यावर स्वारांनी आत घुसायचे, हा क्रम. गारद्यांना कवायत होती, स्वारांना शौर्य होते. पण दोघांना मिळून एकत्र लढण्याची सवय नव्हती. अब्दालीपाशी ती होती. उंटांच्या पाठीवर बसवलेल्या फिरत्या तोफा, म्हणजे जंबुरके, त्याने हव्या तिथे हलवली. वजनालाच त्याने पाय दिले. आणि राखीव फौज दुपारपर्यंत हातची ठेवून मग सोडली.

२७/
पुढचे सर्वांना ठाऊक आहे. विश्वासराव गोळी लागून पडले, भाऊ घोड्यावरून गर्दीत शिरले, फळी मोडली. इब्राहिमखानाचे बहुतेक गारदी रणात पडले. तो स्वतः जखमी अवस्थेत कैद झाला आणि त्याला मारण्यात आले. पेशव्यांच्या बाजूने शेवटपर्यंत जागेवर उभा राहिलेला हा सेनानी. माझ्या भाषणात त्याच्याबद्दल एकच वाक्य होते, आणि त्यात ‘भाडोत्री’ हा शब्द होता.

२८/
तो शब्द माझ्या लेखणीत कोठून आला, हेही आठवते. १७७३ साली शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला, ही कथा मी लहानपणापासून ऐकली होती. ‘गारदी’ म्हटले की मारेकरी, असे मनात बसलेले. बारा वर्षांनंतरच्या खुनाचा डाग मी पानिपतावर पडलेल्या हजारो माणसांना लावला आणि बक्षीस घेऊन घरी आलो. भाच्याच्या तोंडून तेच वाक्य पुन्हा सभागृहात जाणार होते. ते थांबवणे मला आवश्यक वाटले.

२९/
पानिपतातून पाय कायमचा अधू होऊन वाचलेल्या महादजी शिंद्यांनी काय धडा घेतला, ते पाहण्यासारखे आहे. त्यांनी तोफा टाकल्या नाहीत, वाढवल्या. १७८४ नंतर द बॉईन या सेनानीच्या हाताखाली कवायती पलटणी उभ्या केल्या. १७९० मध्ये पाटण आणि मेडता येथे याच पलटणींनी राजपूत घोडदळाचे प्रसिद्ध हल्ले परतवले. ज्याने पानिपत डोळ्यांनी पाहिले होते, त्याने ‘जडपणामुळे हरलो’ असा निष्कर्ष काढला नाही.

३०/
आणि १८०४ चे वर्ष. जुलै-ऑगस्टच्या पावसात यशवंतराव होळकरांनी कर्नल मॉन्सनच्या इंग्रजी फौजेला मुकुंदऱ्याच्या खिंडीपासून आग्र्यापर्यंत पळवले. मॉन्सनचे घोडदळ आधीच नाहीसे झाले होते. चिखलात रुतलेल्या तोफांसह उरलेले पायदळ आंधळे झाले. नोव्हेंबरात मात्र होळकरांच्याच फौजेचे दोन तुकडे झाले. पायदळ आणि तोफा १३ तारखेला डीगला हरल्या. चार दिवसांनी लेकने फर्रुखाबादला होळकरी घोडदळ झोपेत गाठले. दोन्ही वेळा हरले ते एकटे पडलेले अंग.

३१/
म्हणून हलके की जड, हा प्रश्न विचारण्यापूर्वी तीन साधे प्रश्न विचारावेत, असे मला आता वाटते. टंचाई कशाची आहे? मागे सोडता येणार नाही असे आपल्यापाशी काय आहे आणि ते कोठे ठेवले आहे? आणि दोन्ही अंगांना एकमेकांची चाल ठाऊक आहे का? पालखेडला, जिंजीला, वसईला या प्रश्नांची उत्तरे सापडली होती. पानिपतावर दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सापडले नाही.

३२/
भाच्याने ती मोहीम पुन्हा खेळली. या वेळी दोन जड यंत्रे तळाच्या दाराशी उभी केली आणि दोन हलकी लांबच्या टेकडीआड. शत्रू दाराशी गुंतला तेव्हा मागून त्याच्या पाठीवर घाव घातले. तळ वाचला. त्याने दारातल्या एका यंत्राचे नाव ‘जिंजी’ ठेवले होते. दुसऱ्याचे नाव पाहून मी काही बोललो नाही. ते ‘इब्राहिमखान’ होते.

३३/
भाषण त्याने स्वतःचे लिहिले. त्यात भाऊंची चूक सांगितली आहे, पण ती कोणती ते नेमके सांगितले आहे. वसई आहे, साष्टी आहे. स्पर्धेत त्याला उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले. पहिले बक्षीस, बहिणीने फोनवर सांगितले, ‘गनिमी कावा सोडला म्हणून पानिपत’ असे ठणकावून सांगणाऱ्या मुलीला. मी हसलो. त्या मुलीवर रागावण्याचा अधिकार निदान मला तरी नाही. तिचे भाषण मीच लिहिले असते.

३४/
आईने विचारले, “मग तुझा तो जुना कागद टाकून देऊ का?” मी नको म्हटले. तो पुन्हा कपाटात गेला आहे. फक्त त्या ‘भाडोत्री’ शब्दावर मी पेनाने रेघ मारली आणि समासात नाव लिहिले: इब्राहिमखान गारदी, पानिपत, १७६१.

धागा येथे संपवतो. आपल्या शाळेतल्या भाषणात आपण कोणाला विनाकारण दोषी ठरवले होते, ते आठवत असेल तर खाली जरूर लिहा.